वाणात दिलेली पट्टी

बाबांच्या डाव्या हाताला, मनगटापासून कोपरापर्यंत, आतल्या बाजूने बारीक डागांच्या ओळी होत्या. तापलेल्या सुयांचे डाग होते ते, आणि बाबांनी ते स्वतःच स्वतःला दिले होते. घरी कोणी यायचं असलं की मी त्यांना पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला लावत असे. "उकडून राहिलं वं पोरी," असं म्हणत म्हणत ते घालत. आता सत्तरीत माझ्याच हातांवर नाना डाग उमटलेत आणि मी खुशाल अर्ध्या बाह्यांचं पोलकं घालून बँकेत जाते. त्या वयात मात्र मला बाबांच्या हाताची लाज वाटायची. हे प्रकरण त्या लाजेचंच आहे, म्हणून ती आधी सांगून टाकलेली बरी.

बाबा एका मोठ्या दवाखान्यात ड्रेसर होते. ड्रेसर म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा माणूस. टाके डॉक्टर घालत, पण पुढे पंधरा-वीस दिवस त्या जखमेचा संसार बाबांनाच करावा लागे. भाजलेल्यांच्या वॉर्डात त्यांची ड्यूटी जास्त असे. तिथं कालची पट्टी आज काढायची म्हणजे रोग्याला पुन्हा भाजल्यासारखंच. जखमेतलं पाणी सुकून जाळीचं कापड चिकटून बसलेलं असे, आणि ओढलं की नवी धरलेली कातडीही त्याच्याबरोबर निघे. कुहीकडची एक बाई होती, चुलीवरचं आधण अंगावर आलेली. ती रोज सकाळी बाबांच्या चपलांचा आवाज ऐकूनच रडायला लागे. "मी वार्डात शिरलो का लोकं रडतेत," बाबा एकदा जेवता जेवता म्हणाले, "हा कसा धंदा हाय वं माझा?" आईनं त्यांच्या गोळाभातावर तेलाची गरम फोडणी घातली. त्या दिवशी बाबांनी दुसऱ्यांदा भात मागितला नाही, एवढं मला आठवतं.

आईचं माहेर काटोलचं. हिवाळ्यात मामा एसटीनं संत्र्यांचं पोतं घेऊन येत आणि मग आठ दिवस नागपुरातल्या आमच्या सक्करदऱ्याच्या दोन खोल्यांत सालींचाच वास असे. बाबा एकदा मोसंबं आणि संत्रं शेजारी शेजारी सोलत बसले. मोसंब्याची साल गराला धरून असते, काढताना रस गळतो. संत्र्याची साल आपणहून मोकळी होते, कारण तिच्यात आणि फोडींत थोडी जागा असते. "पट्टी अशी सुटली पाहिजे," बाबा म्हणाले, आणि हात न धुता उठून गेले. याआधी त्यांनी टाके काढायचा एक बाकदार आकडा शोधला होता. त्याचं पेटंटही मिळालं होतं आणि ते फ्रेम करून देवांच्या शेजारी टांगलेलं होतं. तो आकडा कोणीही बनवला नाही. आई रोज देवांबरोबर त्या फ्रेमलाही फूल वाही, आणि मी त्यावरून तिची चेष्टा करत असे.

संत्र्याच्या पट्टीला दोन वर्षं लागली. एका पितळी नळीवर शिवणयंत्राच्या सुया ओळीनं डाखून बाबांनी एक लाटणं केलं होतं. ते शेगडीवर तापवायचं आणि ओल्या घोंगडीच्या तुकड्यावर पसरलेल्या पातळ प्लास्टिकवरून फिरवायचं. चर्र असा आवाज येई आणि स्वयंपाकघरात जळक्या प्लास्टिकचा वास सुटे. "तुमच्या पट्टीचा वास माझ्या वरणाले लागते," असं आई कुरकुरे, आणि खिडकी उघडून पुन्हा शेगडी फुंकत बसे. खुबी अशी होती की तापलेली सुई एकाच बाजूनं गेली पाहिजे, म्हणजे पलीकडच्या बाजूला छिद्राला वर उचललेला काठ येतो. बाबा त्याला ओठ म्हणत. गुळगुळीत बाजू जखमेवर, ओठ कापसाकडे. पाणी ओठातून वर कापसात जायचं आणि परत यायचं नाही. जखमेपाशी ओल साचली नाही की चिकटणंही नाही. हे रोग्यांवर करून पाहायला बाबांना परवानगी नव्हती, म्हणून ते तेच लाटणं आपल्या हातावरून फिरवत, पट्टी बांधत आणि दुसऱ्या दिवशी आमच्यादेखत सोडवत. ज्या दिवशी पट्टी तांदळाच्या पापडीसारखी अलगद सुटून आली, त्या दिवशी बाबांनी हात वर करून आईला दाखवला. तिनं पदर डोळ्यांना लावला. मी शेजारच्या खोलीत वेणी घालत होते आणि मला उशीर होत होता.

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी पट्टी पाहिली आणि बाबांना खुर्ची दिली. खुर्ची दिली हे बाबांनी घरी चारदा सांगितलं. डॉक्टरांचं म्हणणं, याचं पेटंट निघालं तर कारखानदार आपण होऊन येतील, गावोगावच्या दवाखान्यांत ही पट्टी जाईल. पण अर्ज दाखल होईपर्यंत ती बाहेरच्या कोणाच्या हाती पडता कामा नये. एकदा लोकांना माहीत झालेल्या वस्तूचं पेटंट मिळत नाही. बाबांनी हे आम्हाला ओळीनं बसवून सांगितलं. बनवलेल्या पट्ट्या कागदी पाकिटांत घालून पत्र्याच्या डब्यात ठेवल्या, आणि किल्ली गणपतीच्या मागे.

अर्ज इंग्रजीत करायचा होता आणि घरात इंग्रजी येणारी मीच. कॉलेजात विज्ञान शाखेला होते. बाबा सांगत, मी फुलस्केप कागदावर लिहीत असे. माझं अक्षर फार सुंदर होतं. हे मीच सांगते आहे, कारण त्या अक्षराचाच पुढे घात झाला. छिद्राच्या ओठाचं मात्र बाबांना काही केल्या नीट सांगता येईना. ते हातवारे करत, मी खोडत असे, आणि आमचा तो परिच्छेद कित्येक दिवस तिथंच अडकून पडला होता. कॉलेजात मी कोणाला यातलं काही सांगत नसे. "बाबा दवाखान्यात असतात," इतकंच म्हणत असे. एकीनं "डॉक्टर?" असं विचारलं तेव्हा मी नेमकी पाणी प्यायला लागले. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मोठी हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

आता कंगव्यांचं सांगते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका एकमेकींना वाण देतात, हे काही सांगायला नको. त्या काळी आमच्या आळीत त्यात फार चढाओढ असे. समोरच्या प्रभाकाकू स्टीलच्या वाट्या देत. त्यांचे यजमान दवाखान्यांना कापूस आणि बँडेज पुरवत, घरी स्कूटर होती. आईनं त्या वर्षी प्लास्टिकचे कंगवे वाटले. प्रभाकाकूंनी कंगवा उलटासुलटा करून पाहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बरं झालं वं बाई, आळीतल्या उवा आळीतच राहतीन." बायका हसल्या. आईही हसली. बायका गेल्यावर मी आईवर तोंड टाकलं. "तुझ्यामुळं माझी इज्जत गेली, एक धड वाण देता येत नाही तुला," असलं काय काय बोलले. ती खाली सांडलेले तिळगुळाचे दाणे वेचत होती. तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी संक्रांतीला बाबा धान मळायला तीन दिवस काकांकडे कुहीला गेले होते. हळदीकुंकू दुसऱ्या दिवसावर आलं होतं आणि आईनं साबणाच्या डब्या आणून ठेवल्या होत्या. गुलाबी रंगाच्या. त्या पाहून मला रडू आलं. मग मला ते सुचलं. गणपतीमागची किल्ली घेऊन मी पत्र्याचा डबा आईसमोर ठेवला. "हे देऊ. असं वाण साऱ्या नागपुरात कोणी दिलं नसेल."

आई घाबरलीच. "बाप रे! तुह्या बाबांले इचारलं काय?"

"विचारलं," मी म्हणाले. "जाताना म्हणाले, दे म्हणून."

हे मी किती सहज बोलले त्याचं मला आजही नवल वाटतं. आईनं माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "कशी लावाची ते लिहून दे मग. बायकांले काय समजते." मी एकेका पाकिटासाठी चिठ्ठी लिहायला बसले. 'भाजल्या-खरचटल्यावर लावावी' इतकं पुरे होतं. पण हात थांबला नाही. कॉलेजकन्या ना मी! लिहिलं: 'तापलेली सुई एकाच बाजूने टोचल्यामुळे छिद्राला पलीकडे ओठ येतो. पाणी त्या ओठातून वर जाते, परत येत नाही, म्हणून ही पट्टी जखमेला धरत नाही.' बाबांना आणि मला इतके दिवस जे जमत नव्हतं ते त्या दुपारी पहिल्याच झटक्यात जमलं. मला ते वाक्य इतकं आवडलं की प्रत्येक चिठ्ठीवर मी ते लिहिलं, आणि खाली नक्षी काढून मकरसंक्रांत आणि साल घातलं.

हळदीकुंकू झकास झालं. बायकांनी चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या. कोणी म्हणालं, कुंदीच्या, म्हणजे माझ्या, बाबांचं डोकं डॉक्टराले भारी हाय. प्रभाकाकूंनी पाकीट उघडून पट्टी उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली. हसल्या नाहीत. मला वाटलं, कंगव्यांचा हिशेब चुकता झाला.

बाबा परतले तेव्हा अंगाला तूस लागलेलं होतं. आंघोळीआधीच त्यांनी डबा उघडला. "पट्ट्या कोठी हाय?"

मी बोलायला हवं होतं. मी पुस्तक उघडून बसले होते आणि ते तसंच धरून ठेवलं. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी वाणात देल्या. मले काय समजते त्यातलं."

बाबांनी रिकामा डबा खाली ठेवला. मला वाटलं, आता पेटंटचं बोलतील. ते म्हणाले, "उकडून साफ नव्हत्या केल्या अजून. कोण्या लेकराच्या जखमेले लावली अन् पू झाला तं?" पेटंट त्यांना नंतर आठवलं. मग मात्र ते आईला खूप बोलले. मी त्यांना तसं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. आई गप्प ऐकत होती आणि मीही.

दिलेलं वाण परत मागायचं नसतं. ते सवाष्णीनं सवाष्णीला दिलेलं असतं, त्यात नवऱ्याचं आयुष्य असतं असं मानतात. आई दुसऱ्या दिवशी घरोघर गेली आणि तेच मागितलं. साबणाच्या गुलाबी डब्या पिशवीत घेतल्या होत्या, बदल्यात द्यायला. पिशवी धरायला मी बरोबर होते. प्रत्येक दारात ती म्हणे, "माही चूक झाली बाई, ते परत द्या, हे घ्या." कोणी निमूट दिलं, कोणी दार अर्धंच उघडलं. एक म्हातारी म्हणाली, "असा अपशकुन म्या जन्मात नाही पाहिला." प्रभाकाकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "देलेलं वाण काहून मांगतं वं? आमची तं मोलकरणीनं लावली अन् फेकली."

"अन् चिठ्ठी?" आईनं विचारलं.

"चिठ्ठी कोण ठेवते?"

त्या दिवसानंतर आळीत कोणी आईला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. संक्रांतीच्या दिवसांत संध्याकाळी समोरच्या घरांतून बायकांचं हसणं ऐकू येई आणि आई घरात कोथिंबीर निवडत बसे.

गोळा करून आणलेल्या चिठ्ठ्या बाबांनी पाटावर मांडल्या. एक प्रभाकाकूंची सोडून सगळ्या परत आल्या होत्या, आणि सगळ्या माझ्या अक्षरातल्या. त्यांच्या ध्यानात आलं नसेल असं मी तेव्हा स्वतःला पटवलं. जो माणूस बोटभर प्लास्टिकमधली छिद्रं मोजत असे त्याला पोटच्या पोरीचं अक्षर कळणार नाही होय? आठवड्यानं आम्ही पुन्हा अर्ज लिहायला बसलो. ओठाच्या परिच्छेदाशी आलो तेव्हा त्यांनी खिशातून त्यातली एक चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. "याचं इंग्रजी कर. माह्यापेक्षा हे बेस हाय." मी ती चिठ्ठी पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी वाचली. आणि इंग्रजी केलं. ते माझ्या मानेकडे पाहत होते, मला कळत होतं. मी मान वर केली असती तर कदाचित तिथंच सगळं संपलं असतं. अर्ज महिन्याभरात दाखल झाला.

दोनेक वर्षांनी तो मंजुरीच्या वाटेवर प्रसिद्ध झाला आणि एका कंपनीनं हरकत घेतली. तशीच पट्टी त्यांनी बाजारात आणली होती. हरकतीच्या कागदांत प्रभाकाकूंकडच्या चिठ्ठीची नक्कल होती, नक्षी आणि सालासकट, आणि शेजारी आमच्या अर्जातलं तेच वाक्य, इंग्रजीत, शब्दाला शब्द. बाबांना माझं वाक्य आवडलं नसतं तर जुळलंही नसतं. मोठे डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. प्रसिद्ध झालेल्या अर्जावरून अशी चिठ्ठी कोणीही मागाहून लिहू शकतो. तुम्ही इतकंच म्हणा, हे अक्षर मी ओळखत नाही." कोणाचं अक्षर ते डॉक्टरांना माहीत नव्हतं. बाबांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

सुनावणी मुंबईला होती. दुभाषी म्हणून मी गेले. बाबांनी पूर्ण बाह्यांचा सदरा आपण होऊनच घातला होता. उंच छताची खोली, पंखा, टेबलापलीकडे एक शांत, म्हातारेसे साहेब. त्यांनी मूळ चिठ्ठी बाबांपुढे सरकवली आणि इंग्रजीत विचारलं, हे हस्ताक्षर तुम्ही ओळखता का? मी मराठीत सांगितलं. बाबांनी चिठ्ठी हातात घेतली. इतक्या वर्षांनी शाई थोडी तांबूस झाली होती. ते तिच्याकडे पाहत राहिले, आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ओळखतो."

मी साहेबांना इंग्रजीत म्हणाले, "ते म्हणतात, ओळखत नाही."

हे मी बाबांच्या पेटंटसाठी केलं, असं मी पुढे पुष्कळ वर्षं मानलं. आता लिहिताना खोटं कशाला बोलू? साहेबांचा पुढचा प्रश्न 'कोणाचं?' असा असणार होता, आणि ते उत्तर मला माझ्या तोंडानं द्यायचं नव्हतं.

पण वीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली काढलेल्या माणसाला इतकं इंग्रजी कळतं, हे मी विसरले होते. बाबा उठून उभे राहिले. "नो सर," ते म्हणाले. "येस. आय नो." आणि मग मला, अगदी हळू, जखमेवरची पट्टी काढताना रोग्याशी बोलत तसं, "सांग त्याले. अक्षर माह्या पोरीचं हाय. वाक्यबी तिचंच हाय. मले इतकं सोपं सांगता आलं नाही, म्हणून मी ते घेतलं. सांग वं, भेऊ नको."

मी सांगितलं. दुभाष्यानं बोलणाऱ्याच्या शब्दांत बोलायचं असतं, म्हणून मला 'माझ्या मुलीचं' असंच म्हणावं लागलं. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून लिहायला लागले. ते सभ्य गृहस्थ होते. मीच ती मुलगी का, असं त्यांनी विचारलं नाही.

अर्ज नामंजूर झाला. पुढे निवृत्तीपर्यंत बाबा त्या कंपनीचे खोके उघडून तीच पट्टी रोग्यांना बांधत आले. तिचे ओठ त्यांना अंमळ आखूड वाटत, एवढीच तक्रार करत.

नागपूरला घरी पोचलो तेव्हा आई दारातच होती. बाबांनी चपला काढत म्हटलं, "गेलं." आई म्हणाली, "माह्यामुळं." बाबा मोरीकडे गेले, आणि मला वाटतं ते मुद्दामच तिथं बराच वेळ पाणी ओतत राहिले. तेव्हा मी बोलले. त्या दिवशी बाबांना विचारलं नव्हतं, खोटं बोलले, असं एकदाचं म्हणाले.

"मले मालूम होतं," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"तू 'विचारलं' म्हणाली ना, तवाच. तू माह्याकडं पाहून नव्हती राहिली."

मला काही समजेना. माहीत होतं तर वाटल्या कशाला? आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. माझ्या आईला मी इतकं ओशाळलेलं कधी पाहिलं नव्हतं, प्रभाकाकूंच्या दारातसुद्धा नाही.

"मले वाटलं," ती म्हणाली, "एक साल तरी तुले माह्या वाणाची लाज नाही वाटली पाहिजे."